चंद्रावर धरलेला नारळ

मामांना भूमहून परांड्याला जायचं असलं, की ते आधी बार्शीला जात. सरळ रस्ता सोडून हा एवढा वळसा कशासाठी, ते मला बरेच दिवस कळत नव्हतं. मग उलगडा झाला. परांड्याच्या सरळ रस्त्यावर अशी तीन गावं होती, जिथं मामांनी बोट दाखवलेल्या जागी बोअर कोरडे गेले होते. बार्शीच्या रस्त्यावर असं एकच गाव होतं, आणि तिथं एसटी थांबली की मामा चपलेचा अंगठा बघायला सीटखाली वाकत, ते गाडी हलल्यावरच वर येत. तुळजापूरला देवीच्या दर्शनाला निघायचं म्हटलं, तरी मामी आधी विचारून घ्यायच्या, "आवं, मदी तुमचं कुठलं गाव लागतंय का?"

मामा पाणाडे होते. जमिनीखालचं पाणी सांगायचा त्यांचा धंदा. तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून किंवा प्लॉटवरून चालायचं, जिथं खाली पाणी असेल तिथं नारळ आपोआप उभा राहतो, आणि तिथं चुन्याची फुली मारायची, एवढीच त्यांची विद्या. माझा या प्रकारावर काडीचा विश्वास नव्हता, आजही नाही. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही. "तू नगं ठिवू विश्वास," ते म्हणाले. "नारळाला त्यानं काय फरक पडत न्हाय."

भूमच्या एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं. मामा रोज दहाच्या सुमारास यायचे. अंगात पांढरा सदरा, डोक्याला टोपी, हातात वायरची पिशवी आणि पिशवीत तो नारळ. हा नारळ फोडायचा नव्हता. वर्षानुवर्षं तेल पिऊन तो काळा कुळकुळीत झाला होता आणि त्याची शेंडी मामा कंगव्यानं विंचरत. स्टुलावर बसले की पहिला प्रश्न ठरलेला, "काय म्हणतंय वर?"

वर म्हणजे आभाळात. मी कॉम्प्युटरवर शोधून अंतराळातली ताजी बातमी वाचून दाखवायची आणि मामांनी तिच्यावर मत द्यायचं, असा आमचा रोजचा कार्यक्रम. जातीच्या दाखल्याला आलेली माणसं रांगेत उभी राहून गुरूचे चंद्र ऐकत. आपल्या पहिल्या चांद्रयानानं चंद्रावर पाण्याचा पत्ता लावल्याची बातमी मामांनी पूर्वी कधीतरी पेपरात वाचली होती. तेव्हापासून त्यांची पक्की समजूत झाली होती, की जगातले सगळे अंतराळवाले मुळात पाणाडे आहेत. "बग की तू," ते म्हणायचे. "चंद्रावर गेले, काय हुडकत्यात? पाणी. मंगळावर? पाणी. सोनं हुडकाय कुणी गेलंय का? आमच्याच लायनीतले लोक हायेत ते."

एकदा मी त्यांना सांगितलं, गुरूच्या एका चंद्रावर बर्फाखाली समुद्र असावा असं वाटतंय, त्याच्याकडं अमेरिकेचं यान निघालंय.

"बोर पाडणार?" मामांनी विचारलं.

"न्हाय. उतरणारच न्हाय. वरनं चकरा मारून बघणार."

"म्हंजे नुसतं फिरून सांगणार, हाय का न्हाय ते?"

"तसंच म्हणा."

मामांनी स्टूल भिंतीला टेकवलं आणि टोपी सारखी केली. "मंग म्या येगळं काय करतो?"

मी म्हणाले, मामा, त्यांच्याकडं यंत्रं आहेत. त्यावर त्यांनी पिशवीतून नारळ काढून काउंटरवर ठेवला. त्यांचं यंत्र तिथं पोचायला कितीतरी वर्षं लागणार, आपलं इथंच आहे, असा त्याचा अर्थ होता. रांगेतल्या दोघांनी माना डोलावल्या. माझ्या बी.कॉम.च्या डिग्रीकडं या दुकानात कुणी कधी पाहिलं नाही.

यानांच्या बाबतीत मामांचा जीव फार हळवा. दुसऱ्या एका देशाचं यान चंद्रावर उतरता उतरता आदळलं, त्या दिवशी त्यांनी माझ्याकडचा चहा घेतला नाही. "त्यांच्या घरी आज चूल पेटली नसंल," म्हणाले. त्याच आठवड्यात आपलं यान चंद्राच्या दक्षिणेकडं नीट उतरलं, तेव्हा मात्र त्यांनी स्टँडवर खव्याचे पेढे वाटले, तेही स्वतःच्या घरी मुलगा झाल्यासारखे हात जोडून. कंडक्टरांनी दोन-दोन घेतले. कशाबद्दल, हे विचारायच्या आधी गाडी सुटायची वेळ झाली होती.

मंगळावर जमिनीच्या खूप खोल, दहा-बारा किलोमीटरच्याही खाली पाणी असावं, अशी बातमी आली, तेव्हा दुकानात अण्णा बसला होता. अण्णा हा तमिळ मुलखातल्या सेलमचा माणूस, बोअरची गाडी घेऊन दर वर्षी आमच्याकडं यायचा. मामांनी जागा दाखवायची आणि अण्णानं भोक पाडायचं, अशी त्यांची जोडी. बातमी ऐकून मामा गंभीर झाले. "अण्णा, दहा किलोमीटर म्हंजे केसिंग किती लागंल रं?"

अण्णानं डोळे मिटून हिशेब केला. "मामा, उतना पाइप पूरा सेलम में नहीं," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "और ऊपर डिझेल पंप किधर?"

मामांनी मान हलवली. "म्हंजे मंगळाचं काय खरं न्हाय. चंद्रच बरा."

त्यानंतर मामांनी माझ्याकडून चंद्राच्या दक्षिण टोकाचा रंगीत फोटो छापून घेतला. रंगीत कशाला, सगळं राखाडीच आहे, असं मी म्हणाले, तर म्हणाले, "नगं, चांगल्या शाईत काढ, कोरड्या शाईला पाणी घावत न्हाय." फोटो काउंटरवर पसरून त्यांनी हातावर नारळ धरला आणि चंद्रावरून हात हळूहळू फिरवायला लागले. उत्पन्नाच्या दाखल्याला आलेले एक पाटील डोक्याची टोपी काढून उभे राहिले. एका खळग्याच्या कडेला नारळ थरथरला, अर्धवट उठला, आणि घरंगळत जाऊन पाटलांच्या आधार कार्डावर पडला. मामांनी लगेच पेननं तिथं फुली मारली. पुढं अमेरिकेतल्या एका कंपनीचं यान पाणी शोधायला ड्रिल घेऊन चंद्रावर गेलं आणि तिथं खळग्यात आडवं पडलं. मामांनी फुली मारलेला तो फोटो पिशवीतून काढून बघितला आणि अण्णाला फोन लावला. "गाडी आडवी झाली बग त्यांची. जागा चुकली. फुलीपास्नं लई लांब उतरले." ती जागा फुलीपासून किती लांब होती हे त्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

आता मूळ गोष्टीकडं येते. आपलं दुसरं चांद्रयान उतरताना शेवटच्या घटकेला पडलं होतं, ते वर्ष. मामा दुसऱ्या दिवशी दुकानात आले, तेव्हा मला वाटलं आज चहा बंद. पण ते काहीतरी वेगळाच विचार करत होते. यान पाठवणारी मोठी माणसं सगळ्या देशासमोर रडली, ते त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. "रडले," मामा म्हणाले, "पर पळाले न्हाईत. आता बसून बघणार म्हणं, कुठं चुकलं ते. समिती का काय ती." आणि थोड्या वेळानं म्हणाले, "पोरी, तुझी स्कुटी हाय का मोकळी?"

आम्ही परांड्याच्या सरळ रस्त्यानं निघालो. मामा माझ्यामागं दोन्ही हातांनी सीट धरून बसले होते आणि पहिलं गाव जवळ यायला लागलं, तसा त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. एका वस्तीवर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. अंगणात एक म्हातारे बाजेवर बसले होते. चार वर्षांपूर्वी यांच्याच शेतात मामांचा बोअर कोरडा गेला होता. मामांना ओळखताच ते बाजेवरून उठले आणि त्यांनी ज्या शिव्या सुरू केल्या, त्यातल्या काही मी पहिल्यांदाच ऐकल्या. मामा खाली मान घालून सगळ्या ऐकत उभे राहिले. म्हाताऱ्यांना खोकला आला, तेव्हा म्हणाले, "बाबा, तुमचा बोर का फसला ते बगायला आलोय."

"आता? चार वर्सांनी?"

"उशीर झाला. चुकलंच." मामा जमिनीवर बसले. "त्या दिशी नारळ निम्माच उठला होता. पुरता उठल्याबिगर फुली मारायची न्हाय, आसं माझ्या गुरूनं सांगितलेलं. पर तुमी मटण केलं हुतं. खाऊन झाल्यावर न्हाय म्हणायला जीब उचलंना."

"मंग निम्मंच खायचं की," म्हातारे म्हणाले. आणि पुन्हा बाजेवर बसून आत हाक मारली, की दोन माणसांचा चहा टाका.

अशा समित्या मामांनी त्या हंगामात गावोगाव घेतल्या. माझ्या स्कुटीचं टायर त्यात गेलं. कुठं शिव्या मिळाल्या, कुठं भाकरी मिळाली, एका ठिकाणी कुत्रं अंगावर घातलं. मामा सगळीकडं खरं ते सांगत. इथं घाई केली, इथं ताप होता, इथं का चुकलं ते खरंच कळत नाही. याचा परिणाम व्हायचा तो झाला. जो पाणाडा आपल्या तोंडानं आपले फसलेले बोअर मोजून दाखवतो, त्याला कोण बोलावणार? बाकीचे पाणाडे काही चुकतच नव्हते, निदान तसं ते सांगत तरी. मामांची बोलावणी निम्म्यावर आली. मी त्यांना म्हणाले, हा कसला धंदा, स्वतःच्या हातानं दुकान बंद करताय. ते म्हणाले, "पर परांडा जवळ आलं की न्हाय?"

या सगळ्यात मामींचं काय, ते सांगायचं राहिलं. मामांच्या घरी पाणी नव्हतं. म्हणजे नळ होता, पण त्याला आठवड्यातून एकदा करंगळीएवढी धार यायची. बाकीचं सगळं पाणी मामी शेजारच्या मुलाणी भाभींच्या बोअरवरून आणायच्या, सकाळी आणि संध्याकाळी, डोक्यावर घागर आणि काखेत कळशी. भाभींच्या बोअरची जागा मामांनीच दाखवलेली. भर उन्हाळ्यात त्याला पाणी असायचं. अलीकडं मामींचे गुडघे पार गेले होते. डॉक्टरांनी ओझं उचलायला बंदी केली होती, पण पाणी कुणी आणायचं हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. घरी मूलबाळ नव्हतं. घागर ठेवताना मामी भिंतीला धरून क्षणभर डोळे मिटत, ते मी पाहिलं होतं, आणि मामांनी पाहिलेलं नाही असं होणं शक्यच नव्हतं.

"चंद्रावरचं दिसतंय," मामी मला ऐकवायच्या, म्हणजे मामांना, "परसातलं दिसंना."

परसात नारळ धरायला मामांना गुरूची बंदी होती. पाणाड्यानं आपल्या दारात कधी पाणी बघायचं नाही, बघितलं की विद्या जाते, हा त्यांच्या धंद्यातला नियम. मामांनी तो जन्मभर पाळला. दुसऱ्या पाणाड्याला बोलवा म्हटलं, तर ते त्यांच्या मानात बसत नव्हतं. अडाणीपणा आहे असं मी म्हणायचे, आणि मामा नुसते हसायचे, पण ते हसू काही खरं नव्हतं.

गेल्या वर्षी पावसाळ्यात मी एक बातमी वाचली. आपल्या देशानं आणि अमेरिकेनं मिळून एक उपग्रह सोडला होता. तो चंद्राकडं नाही, मंगळाकडं नाही, पृथ्वीकडंच बघणार. जमीन कुठं खचते, मातीत ओल किती आहे, हे सगळं वरून टिपणार.

"आपल्याच जमिनीकडं?" मामांनी विचारलं.

"व्हय."

"सोताच्या घराकडंच बगायलेत म्हण की." मामा पुढं सरकले. "आन् त्यांची इद्या गेली न्हाय?"

"न्हाय मामा. सगळं नीट चाललंय."

मामांनी तेच मला पुन्हा एकदा विचारलं. मग चहा तसाच ठेवून ते उठून गेले. दोन दिवस दुकानाकडं फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी मामींचा निरोप आला, की परसात नारळ धरणार हायेत, ये.

अख्खी गल्ली जमली होती. मुलाणी भाभी कुंपणाला टेकून उभ्या होत्या. अण्णाची गाडी गावातच होती, तो बोअरचं काम मैत्रीखातर करणार होता आणि आपल्या पोरांना घेऊन बाजूला बसला होता. मामी स्वयंपाकघराच्या दारात पदर खोचून उभ्या. मामांनी टोपी काढली, नारळाला हात लावून कपाळाला लावला आणि चालायला लागले. परस लहान, एक लिंबाचं झाड, एक गोठ्याची पडकी भिंत. त्यांची आमच्याकडं पाठ होती, त्यामुळं तळहात कुणाला दिसत नव्हता. लिंबाखाली थांबले, भिंतीपाशी थांबले, पुन्हा एकवार सगळ्या परसातून फिरले. शेवटी अगदी स्वयंपाकघराच्या दाराला लागून, भांडी घासायच्या मोरीशेजारी ते उभे राहिले आणि वाकून त्यांनी चुन्याची फुली मारली. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मामींनी पदर डोळ्यांना लावला.

बोअरची गाडी घराजवळ लागली की काय होतं, ते ज्यानं अनुभवलंय त्यालाच माहीत. घर हादरत होतं, फळीवरचे डबे वाजत होते, आणि पांढरी भुकटी उडून गल्लीतली सगळी धुणी पिठात घातल्यासारखी झाली. एकामागून एक पाइप खाली जात होते. वर येत होती ती नुसती भुकटी. अण्णा मामांकडं बघायचा, मामा बोटानं खूण करायचे, अजून. दुपार टळली. भुकटी काही ओली होईना. शेवटी अण्णानं मामांना न विचारताच गाडी बंद केली. लोक एकेक करून निघून गेले.

मामा हललेसुद्धा नाहीत. संध्याकाळी त्यांनी मला, अण्णाला आणि भाभींना परसात बोलावलं. सतरंजी टाकली होती. मामींना त्यांनी पाटावर बसवलं. "बोर का फसला ते बगायचंय," ते म्हणाले. "घर तुजं हाय, तू इचार."

मामी म्हणाल्या, "नारळ किती उठला हुता?"

"उठलाच न्हाय."

"निम्मा तरी?"

"न्हाय. साऱ्या परसात कुठंच न्हाय."

अण्णानं हातातला ग्लास खाली ठेवला. भाभी म्हणाल्या, "या अल्ला." मामींचा आवाज एकदम बारीक झाला. "मंग हितं कशाला दावलं?"

मामा सतरंजीच्या दोऱ्याशी खेळत होते. "म्हणलं, कुठंबी दावायचंच हाय तर तुज्या दाराशी दावावं," ते म्हणाले. "लिंबाखाली लागलं असतं, तर परत तेवढं आंतर घागर उचलणं आलंच. नारळाचं आयकलं न्हाय आज. तुज्या गुडघ्याचं आयकलं."

कुणाचं काय झालं, ते मी पाहिलं नाही, कारण मी खाली बघत होते. मग मामींनी नाक पुसलं आणि त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "झालं समितीचं? आता आयका. उद्यापास्नं पाणी तुमी आणायचं."

"मान्य हाय," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून भूमच्या त्या गल्लीत मामा डोक्यावर टॉवेलची चुंबळ ठेवून घागर आणायला लागले. पहिले काही दिवस निम्मं पाणी सदऱ्यावरच सांडायचं आणि भाभी कुंपणातून सूचना द्यायच्या. मोरीशेजारी कोरड्या बोअरचं केसिंग कमरेएवढं वर राहिलं होतं. पोरंबाळं पडू नयेत म्हणून मामींनी त्याच्या तोंडावर फरशी बसवून घेतली, कडेनं सिमेंट केलं, आणि मामांनी आणलेली घागर त्या फरशीवर ठेवायला सुरुवात केली. स्वयंपाकघराच्या दारातून नुसता हात लांबवला की तांब्या भरतो, वाकावं लागत नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात मी तिकडं गेले होते. मामींचे कुणी नवे पाहुणे आले होते, पाणी मागत होते. मामींनी दारातून हात लांबवून घागरीतून तांब्या भरला. "घ्या, आमच्या बोरचं हाय," त्या म्हणाल्या.

पाहुण्यांनी पाणी पिऊन चांगलं आहे म्हणून सांगितलं आणि विचारलं, उन्हाळ्यात टिकतं का.

"आजून तरी एक दिस आटला न्हाय," मामी म्हणाल्या. मामा पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर बाजूला ठेवला, टॉवेलची चुंबळ केली आणि रिकामी कळशी घेऊन भाभींच्या दाराकडं निघाले.